राखाडी पट्टा

डिकीत एकूण अकरा नग होते. चाकांच्या चार सुटकेसा, टोप्यांचे दोन गोल डबे, बुटांची एक पेटी आणि कोटाला घडी पडू नये म्हणून आडवी ठेवलेली एक लांबलचक पिशवी, असे आठ नग साडू आणि मेहुणीचे. त्यांच्याखाली चेपलेल्या दोन बॅगा सरांच्या बायकोच्या, त्यांतली एक शेजारणीकडून मागून आणलेली. अकरावा नग म्हणजे सरांची कापडी पिशवी. तिच्यात तीन शर्ट, एक पँट, दाढीचं सामान आणि मखमली डबीतला एक व्हर्नियर कॅलिपर होता. गाडीत माणसं चार होती. हा शेवटचा आकडा पुढे बदलला, म्हणून आधीच सांगून ठेवलेला बरा.

आता सहलीला कॅलिपर कोण नेतं? सर नेत. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. तारेची जाडी, गोळीचा व्यास, जे काही मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचं असेल ते मुलांकडून मोजून घेणं हे त्यांचं काम. प्रत्येक माप तीनदा घ्यायचं आणि सरासरी काढायची, ही त्यांची शिस्त. मुलं त्यांना पाठीमागे 'व्हर्नियर' आणि तोंडावर 'सर' म्हणत. प्राध्यापक त्यांना नुसतं आडनावाने हाक मारत. त्यामुळे 'सर' हा शब्द त्यांच्या आयुष्यात मोजकाच होता आणि ते तो फार जपून वापरत.

सहलीचं निमंत्रण साडूंचं. त्यांचा फरशांचा मोठा धंदा. "जुनी शहरं बघायची, मधूनमधून खेड्यातल्या बंगल्यांवर पडून राहायचं. घाई नाही, गडबड नाही. सगळं एक नंबर. तुम्ही फक्त यायचं, साडूभाऊ," असं ते फोनवर म्हणाले, आणि पाठोपाठ प्रवासी कंपनीचं चकचकीत माहितीपत्रक घरी आलं. त्यात राजवाडे होते, मनोरे होते, दगडी पूल होते. पण सरांची बायको थेट शेवटच्या पानावर गेली. तिथे एका सरोवराकाठी व्हरांडा होता आणि व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या, पाण्याकडे तोंड करून.

"अहो, इथे आपण दोघांनी बसायचं," ती म्हणाली. "काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं."

"किती वेळ?" सरांनी विचारलं. हा त्यांचा स्वभावच होता.

"कंटाळा येईपर्यंत. मला एकदा कंटाळून बघायचंय."

लग्न झाल्यापासून तिने काही मागितल्याचं सरांना आठवत नव्हतं. निदान ज्याला पाहुणे, पाणी आणि गॅस यांच्याशी संबंध नाही असं तरी काही नाही. त्या दोन खुर्च्या सरांच्या मनात पक्क्या बसल्या. एवढ्यावर ते थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले.

सेक्रेटरींकडे सल्ल्यांची टाकी होती आणि ती दिवसाचे चोवीस तास वाहत असे. "जा, जरूर जा," ते म्हणाले. "साडूच्या जिवावर चैन करायला नशीब लागतं. फक्त एक ध्यानात ठेवा. फुकटचं खाल्लं की ढेकरसुद्धा यजमानाला विचारून द्यावा लागतो."

"फुकटचं कसलं? नातं आहे."

"तेच म्हणतोय मी. परक्याचं फुकट एका वेळेत पचतं. नातेवाइकाचं जन्मभर वर येत राहतं. तुम्ही त्यांच्यासाठी काय करणार आहात, ते आधी ठरवा. म्हणजे मान ताठ राहील."

झालं. मान ताठ ठेवण्याच्या नादात माणसाच्या पाठीचं काय होतं, हे कुठल्याच शास्त्राने नीट मोजलेलं नाही. सर दोन दिवस विचारात पडले. पैशाने बरोबरी शक्य नव्हती. साडूंना भेट द्यावी तर त्यांच्याकडे सगळं होतं आणि वर फरशी होती. शेवटी त्यांना आठवलं की आपल्याला गाडी उत्तम चालवता येते. त्यांनी लगेच फोन लावला.

"ड्रायव्हर घेऊ नका. गाडी मी चालवणार."

"अहो साडूभाऊ, तुम्ही कशाला?"

"मग मी येत नाही."

मेहुणी मागून ओरडली, "भाऊजी, काहीतरीच काय!" पण सरांनी ऐकलं नाही. ज्या आग्रहाला लोक एरवी जेवणाच्या ताटावर बळी पडतात, त्या आग्रहाने त्यांनी स्वतःला स्टिअरिंगमागे बसवलं. आठवड्याने साडूंचा खुशीत फोन आला. "तुमच्यामुळे फायदा झाला बघा! कंपनी म्हणाली, तुमचा माणूस गाडी चालवणार असेल तर एक पाहुणा कमी धरू." सरांनी ही बातमी बायकोला सांगितली, सेक्रेटरींना सांगितली, प्रयोगशाळेच्या शिपायालासुद्धा सांगितली. 'एक पाहुणा कमी' म्हणजे नेमका कोण कमी, हे विचारायचं मात्र राहिलं. सदतीस मुलांच्या वह्यांतल्या चुका नजरेने टिपणारा माणूस स्वतःच्या बेरजेत असा फसला.

पहिलं शहर राजवाड्यांचं होतं. हॉटेलसुद्धा एक जुना राजवाडाच. स्वागतकक्षातल्या मुलीने वाकून तिघांच्या मनगटावर सोनेरी पट्टे बांधले आणि सरांच्या मनगटावर राखाडी. सरांना वाटलं, सोनेरी संपले असतील.

"तुमची व्यवस्था मागच्या बाजूला आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "धोबीघराच्या शेजारी. खोली हवेशीर आहे."

"अहो, हे आमचे साडू आहेत!" साडू हसत म्हणाले.

"हो सर. आमच्याकडे त्यांची नोंद चालक म्हणून आहे."

"मग ती बदला ना."

मुलीने बराच वेळ संगणकाकडे पाहिलं. मग व्यवस्थापक आले. त्यांनीही पाहिलं. व्यवस्थापकांचं म्हणणं असं होतं की, एका माणसाच्या दोन नोंदी यंत्र घेत नाही. यांना पाहुणा करायचं तर आधी चालक म्हणून काढावं लागेल. चालक म्हणून काढलं तर गाडीचा विमा रद्द होईल. "आणि मग साहेब, गाडी इथपर्यंत चालकाशिवाय आली, असं कागदोपत्री दिसेल. ते गंभीर आहे."

"मी समोर उभा आहे," सर म्हणाले.

"उभं राहायला हरकत नाही," व्यवस्थापक म्हणाले. "फक्त गालिच्यावर नको. राखाडी पट्ट्यांचा दरवाजा तिकडून आहे."

बायकोच्या खोलीत राहावं म्हटलं तर तिची खोली एकटीसाठी नोंदलेली. दार सोनेरी पट्टा लावल्याशिवाय उघडत नव्हतं, आणि सोनेरी पट्ट्यामागून राखाडी पट्टा आत शिरला तर मजल्यावरचा नोकर धावत येऊन नम्रपणे विचारे, "काही सामान न्यायचंय का?" साडू म्हणाले, "दोन दिवसांत करून टाकतो. मी वर बोलतो." वर कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण साडू मोठे आशावादी. जेवायच्या घंटेबरोबर त्यांचा आशावाद जेवणघरात निघून गेला.

पहिल्या दिवशी बायकोने कागदी रुमालात गुंडाळून केकचे दोन तुकडे आणले. धोबीघरामागच्या पायरीवर बसून सरांनी ते खाल्ले. ती उभीच राहिली, कारण तिथे बसण्याजोगी जागा ओली होती. दुसऱ्या दिवशी एक तुकडा आला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अगं बाई, विसरलेच! तिथे एक बाई भेटल्या, टोपीवाल्या, आपल्याच कंपनीच्या सहलीतल्या. बोलण्यात राहून गेलं."

दिवसा फिरणं असे. साडूंचं इतिहासाकडे बघण्याचं तंत्र वेगळं होतं. ते वर पाहतच नसत. नक्षीदार छतं, झुंबरं, राजांच्या तसबिरी यांच्याखालून ते मान खाली घालून चालत आणि मधेच थांबून बुटाच्या टोकाने ठोकत. "पोकळ! ऐका. खाली माल नीट बसलेला नाही." तीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरावर असा ठपका ठेवल्यावर माहिती सांगणारा गृहस्थ दुखावला जाई. मग त्याची समजूत मेहुणी काढी. सर हे सगळं नंतर गाडीत ऐकत, कारण गाडी दारासमोर दोन मिनिटांपेक्षा जास्त उभी करायला बंदी होती आणि चालकाने गाडी सोडायची नाही, असा नियम होता. राजवाड्यांच्या त्या शहरात त्यांनी एकूण चार वाहनतळ बारकाईने पाहिले. त्यांतला एक खरोखरच प्रेक्षणीय होता.

खेड्यातल्या पहिल्या बंगल्यावर चालकांसाठी वेगळी पंगत होती, म्हणजे स्वयंपाकघरामागे एक लांब टेबल. तिथे पाच चालक आधीच बसले होते. सरांनी खुर्ची ओढली आणि गैरसमज नको म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मी तसा चालक नाही. मी मालकांचा साडू आहे."

कुणी हसलं नाही. टोकाला बसलेल्या पांढऱ्या मिशांच्या गृहस्थाने ब्रेडचा तुकडा सुपात बुडवला. "बसा. मी मालकांचा मामा आहे."

"मी चुलतभाऊ," दुसरा म्हणाला.

"मी त्यांच्या बायकोचा मानलेला भाऊ," तिसरा म्हणाला आणि त्याने शेजारच्याकडे बोट दाखवलं. "हा एकटाच खरा ड्रायव्हर आहे. पगार घेतो. त्याला आतमध्येही सोडतात, कारण तो युनियनमधला आहे."

"तुम्हीपण म्हणालात का, 'गाडी मी चालवतो' म्हणून?" मामांनी विचारलं.

सरांनी मान हलवली.

"मान राखायला?"

सरांनी परत मान हलवली.

"सूप घ्या," मामा म्हणाले. "गार झालं की साय धरते."

पुलांच्या शहरात पोचेपर्यंत 'साडूभाऊ, निघायचं का?' याचं 'गाडी लावताय ना?' झालं होतं. त्यात साडूंचा दुष्टपणा नव्हता. मागच्या सीटवरून माणसाचं फक्त डोकं दिसतं, आणि सगळ्या चालकांची डोकी मागून सारखीच दिसतात. पण सरांचा संताप दिवसागणिक मुरत चालला होता. तो साडूंवर होता, संगणकावर होता, सेक्रेटरींवर होता. स्वतःवर सोडून तो सगळीकडे समान पसरला होता.

त्या शहरात एका दुपारी बायको शाल न्यायला एकटीच गाडीपाशी आली. वारा सुटला होता. तिने दार उघडलं आणि आत येऊन बसली. मागे. सवयीने.

"पुढे ये की," सर म्हणाले.

"आता बसले ना. परत कुठे उठू?"

दोघं समोरच्या लहान आरशातून एकमेकांकडे बघू लागले. सपाट आरशात वस्तू जितकी अलीकडे, तितकी तिची प्रतिमा पलीकडे. त्या हिशोबाने सरांची बायको गाडीबाहेर, बॉनेटवर बसलेली होती.

"मजा चाललीय तुझी," सर म्हणाले.

"हो, चाललीय. का नसावी?"

"नवरा धोबीघरात झोपतोय."

"नवऱ्याला कुणी सांगितलं होतं? माझ्या बहिणीने बोलावलं होतं, मानाने. मी गेले असते, खाल्लं असतं, दोन दिवस मिरवले असते. तिच्या उपकारांची मला लाज वाटत नाही, लहानपणी तिची वेणी मी घातलीय. लाज तुम्हाला वाटली. तुमची मान ताठ राहावी म्हणून मी तिथे रोज त्या दोघांच्या टेबलावर एकटी जेवतेय. समोरची खुर्ची रिकामी. वाढपी येतो, ताट उचलून नेतो आणि माझ्याकडे असा बघतो, जसं कुणी वारलंय."

"मग सांगायचं ना, की नवरा बाहेर आहे म्हणून."

"काय सांगू? का बाहेर आहे ते?"

सरांनी काच पुसली. ती आतून स्वच्छच होती.

"सरोवर राहिलंय अजून," बायको थोड्या वेळाने म्हणाली. आवाज खाली आला होता. "तिथे तरी नीट बसू या दोघं. मी बघते काहीतरी." तिने शाल उचलली आणि ती गेली. दार लावताना जरा जोरात लागलं. सर म्हणाले, "हळू," आणि लगेच जीभ चावली.

सरोवराकाठचं विश्रामगृह चित्रातल्यासारखंच होतं. तसं असणं हा या सहलीतला एकमेव प्रामाणिकपणा. पाणी, व्हरांडा, वेताच्या दोन खुर्च्या. वाहनतळ आणि व्हरांडा यांच्यामध्ये कमरेएवढं कुंपण होतं आणि कुंपणाला लहानसं फाटक. शेवटच्या दिवशी उन्हं उतरताना सर फाटकाबाहेर गाडी पुसत होते, तेव्हा बायको लगबगीने आली. नवी साडी, मेहुणीने दिलेले मण्यांचे सँडल.

"चला, पटकन. ते झोपलेत, धाकटी मालीश करून घेतेय. दोन्ही खुर्च्या मोकळ्या आहेत."

सरांनी फडकं टाकलं. हात धुतले, ओल्या हाताने केस बसवले, शर्ट आत खोचला. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांनी एवढ्या चपळाईने तयारी केली नव्हती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांचं मनगट पाहिलं.

"मॅडम, राखाडी आत चालत नाही."

"अहो, पण हे माझे..." बायको म्हणाली.

तेवढ्यात टोपीवाल्या बाई फेरफटका मारून परत येत होत्या. टोपी खरोखरच मोठी होती, तिच्या सावलीत एक लहान कुटुंब बसलं असतं. त्या थांबल्या. "काय झालं हो? ड्रायव्हर त्रास देतोय का?"

बायकोने एकदा बाईंकडे पाहिलं. एकदा सरांकडे पाहिलं. त्यांच्या पँटला गुडघ्यापाशी गाडीचं पॉलिश लागलं होतं. मग पलीकडच्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"नाही, नाही," ती म्हणाली. "फोटो काढायला बोलावलंय मी. फार छान काढतो."

"कामासाठी असेल तर हरकत नाही," पहारेकरी म्हणाला आणि त्याने फाटक उघडलं.

सर आत गेले. खुर्च्यांपर्यंत अंतर फार नव्हतं. बायको त्यांच्या पुढे चालत होती आणि मागे न बघता हळूच म्हणाली, "आत तर आलात ना? त्या गेल्या की बसू." पण बाई जाईनात. "मग आधी माझा एक काढू दे," त्या म्हणाल्या आणि आपला कॅमेरा पुढे केला. सरांनी काढला. त्यांनी एक नोट चार घड्या करून सरांच्या शर्टाच्या खिशात सरकवली. सरांच्या दोन्ही हातांत कॅमेरा होता. बायकोने सरोवराकडे पाहिलं.

बाई कॅमेरा घेऊन निघाल्या, तेव्हा बायको एका खुर्चीत बसली होती. दुसरी रिकामी होती. तिच्यावर तिने आपला हात ठेवला होता, बसमध्ये जागा धरतात तसा. इतक्यात मालीश आटपून मेहुणी आली. "ताई, माझ्यासाठी जागा धरलीस? किती गोड गं!" म्हणत ती धपकन बसली. पाठोपाठ साडू डोळे चोळत आले आणि दोघींच्या मागे हात पसरून उभे राहिले.

"वा, भाऊजी! तुम्हाला आत सोडलं?" मेहुणी म्हणाली. "बघा, मी म्हणत नव्हते, होईल काहीतरी. हा घ्या कॅमेरा, काढा आमचा."

सर मागे सरकले. सूर्य त्यांच्या पाठीशी होता आणि खाली आलेला. भिंगातून पाहताना त्यांच्या लक्षात आलं की आपली सावली चौकटीत येतेय. त्यांनी कॅमेरा थोडा वर केला.

"खालचं कापू नका," साडू ओरडले. "फरशी येऊ दे! सबंध फरशी आली पाहिजे. असा काळा दगड आता मिळत नाही."

सरांनी कॅमेरा खाली केला.

परतीच्या वाटेवर बायको मागे, खिडकीपाशी बसली. सहल कशी झाली, यावर साडू म्हणाले, "झकास." मेहुणी म्हणाली, "पुढच्या वर्षी परत." बायको म्हणाली, "हवा छान होती." चालकाला कुणी विचारलं नाही, आणि गाडी चालवताना चालकाशी बोलू नये, अशी सूचना डॅशबोर्डवर लिहिलेलीच होती.

मेहुणीने तो फोटो मोठा करून, चौकट घालून पाठवला. बायकोने तो बैठकीच्या खोलीत, दारातून येणाऱ्याला दिसेल असा लावायला घेतला. सरांनी खिळा ठोकला. सेक्रेटरी आवाज ऐकून वर आलेच.

"वा, वा! राजेशाही! आणि तुम्ही कुठे आहात यात?"

"ते काढतायत ना," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"म्हणजे दिसत नाहीत."

"दिसतात की," ती म्हणाली. "खाली बघा. फरशीवर."

सेक्रेटरी वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "मान मात्र ताठ आलीय हं," आणि चहाची वेळ झाली म्हणून निघून गेले.

बायको भाजी आणायला खाली उतरल्यावर सरांनी चौकट भिंतीवरून काढली. टेबलावर पालथी ठेवली आणि मागचे खिळे उपसून काच वेगळी केली, कारण काचेतून मोजलं तर मापात चूक येते. मखमली डबी उघडली. आत चार घड्यांची नोट होती. ती बाजूला ठेवून त्यांनी कॅलिपर उचलला. फोटोत त्यांची सावली खालच्या कडेपासून सुरू होऊन काळ्या फरशीवरून वर गेली होती. दोन्ही कोपर बाहेर काढलेले, मधे डोकं. बायको डावीकडच्या खुर्चीत बसली होती. तिच्या सँडलवरचे मणी मोजता येतील इतके स्पष्ट आले होते.

सावलीच्या डोक्याचं टोक आणि बायकोच्या उजव्या सँडलचं टोक यांमधलं अंतर त्यांनी तीन वेळा घेतलं. सरासरी चार पूर्णांक तीन मिलिमीटर आली.